पहिली फिरकी

४ मे
आलो बुवा एकदाचा केळापूरले! दारव्ह्याहून जीप, मंग एसटी, उतरेपर्यंत घामानं आंघोळ. पण जागा पाह्यली अन् जीव थंड झाला. पुढं जलालचाचाचं घड्याळाचं दुकान, मांगं घर, अंगणात कडुनिंबाखाली माही बाज. अमिनाचाचीनं आल्या आल्या वांग्याची भाजी अन् भाकर वाढली. म्हणे राजकुमार, लाजजो नको. गावोगावच्या पंपाच्या जळाल्या मोटारीत तार भरून पाठ मोडली होती, आता घड्याळं शिकतो. चाचाले बाजेवरून उठवत नाही, दम लागते, पण शिकवाची हौस लय. लेक तमन्ना राजूरले देल्ली, पोरगा नाही. म्हणे तूच माहा पोरगा. तांड्यावर याडीले फोन केला, म्हटलं तुह्या पोराले दुसरा बाप भेटला. तं रडलीच ते.

७ मे
पहिलंच काम भारी भेटलं. भिंतीवरचं विजेचं जुनं घड्याळ, पितळी कड्याचं, चाचाच्या उस्तादच्या टायमाचं. हळू चालते. सेकंदाचा काटा भर उन्हातल्या बैलावानी सरकते. नवल असं, का हे मोटार विजेच्या लाईनच्या ठोक्यावर चालते. एक तं बरोबर चालन, नाही तं बंद पडन. हळू कायले चालन? चाचाले इचारलं, तं नुसता हासला. अन् लाईट देल्ली तरी हे आपोआप उठत नाही. मांगची चकती बोटानं फिरवा लागते, त्याले फिरकी म्हणते, तवा मोटार धरते. लाईट जाऊ नये म्हणून घरातलं इन्व्हर्टर या एकट्या घड्याळाले! चाची घामानं निथळते, पण पंखा त्याच्यावर नाही. म्हातारे लोक, आपण काय बोलावं.

८ मे
झालं दुरुस्त. खोललं तसा चाचा निपचित पडला. चाची म्हणे, औषधाची झोप हाय, हात चालव. मोटारीच्या डबीतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. बारीक छिद्र पाडून पेट्रोलनं धुतलं, थेंबभर तेल सोडलं, बुजवलं. दुकानाचा रिवाज असा, का दुरुस्त मालाले पहिली फिरकी उस्तादच मारते, शिकाऊ नाही. पण चाचानं खोलाच्या आधीच सांगून ठेवलं होतं, का पहिली फिरकी तुही. छाती फुगली माही! मारली फिरकी. काटा टकाटक चालला. चाचा उठून बसला अन् चहा मांगला.

१३ मे
चाचा आज शिडीवर चढून कूलरात पाणी टाकत होता. मले खालून शिडी धरवेना. ऊन लागलं असन. चाचीनं तळपायाले कांदा चोळला, पन्हं पाजलं. काही फरक नाही. दाढी बी घड्याळ दुरुस्त केलं तवा होती तेवढीच हाय.

१६ मे
झाडता झाडता चाचीच्या पायात वायर गुतली, घड्याळाची पिन निघाली. काटा थांबला अन् मी धाडकन पडलो. डोळे उघडे, पण श्वास नाही. चाचीनं पिन लावली, घड्याळ खाली उतरवलं, अन् माहंच बोट धरून चकती फिरवली. सोताचं बोट लागू नाही देल्लं. काटा हालला तसा मले दम आला.
मोटार खराब नव्हतीच. घड्याळच चाचासंग थकून राह्यलं होतं.

१७ मे
चाचाले तोंडावर इचारलं. खोटं नाही बोलला. म्हणे ज्याच्या हातची फिरकी, त्याचा दम घड्याळाले बांधला. त्याच्या उस्तादनं बी त्याले अशीच देल्ली होती. मी म्हटलं, पोरगा म्हणत होते न मले?
"म्हणूनच तं," तो म्हणे. "बाप थकला का ओझं पोरानंच घ्याचं असते."
चाची भाकर थापत राह्यली. वर पाह्यलं नाही. तिच्या हातचं मी इश्वासानं खाल्लं, इश्वासानं! यापेक्षा जहर देल्लं असतं तं बरं होतं.

१९ मे
दोघं तमन्नाकडं राजूरले गेले. इन्व्हर्टर संग नेलं. तिकडं लाईट लय जाते म्हणे. इथं जात नाही काय? जाताना चाचानं माह्या डोक्यावर हात ठेवला — घड्याळ माह्या हाती देल्लं, तोच हात —
पिन काढून पळता येत नाही. धाकट्या भावाले, बबलूले, फोन केला. सकाळी गाडी घेऊन निघतो म्हणे.

२० मे
वावटळ सुटली. लाईट मिणमिणते. बबलू अजून —
उठवत नाही —
त्याले काय सांगू? घड्याळाले हात लावजो नको? मंग मी —
माह्या खांद्यावर बसून जत्रा पाह्यली त्यानं. याडीनं त्याले माह्या भरवशावर —
गाडी वाजली. तोच हाय.
घड्याळ हळू काहून म्हणून इचारलं तवा चाचा इतका गोड काहून हासला, आता समजलं. तसंच हासू येऊन राह्यलं मले — ये बबलू, बस, पाणी पे — एक काम कर भाऊ, लाईट गेली तं पहिली फिरकी तुही —