भोंग्याखालची जागा

भंडारा, १८ जानेवारी १९८१

सौ. सत्यभामेस अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या नवऱ्यावर झालेल्या घोर अन्यायाची ही तक्रार.

काल गाण्याला जागेश्वरनं मला हट्टानं लाउडस्पीकरच्या भोंग्याखाली बसवलं. शाळेच्या याच पटांगणात आम्ही सतरंजीवर बसायचो, तेव्हा गवयाचा श्वासही ऐकू यायचा. आता खुर्च्या आल्या, भोंगे आले, आणि आम्हा मित्रांची पोटं पुढे आली.

सम कुठे येते हे मला कधीच कळलं नाही. शाळेत असताना जागेश्वर गुपचूप माझ्या मांडीवर बोटानं ठोका द्यायचा आणि मी जाणकारासारखी मान हलवायचो. काल ठोका आलाच नाही. म्हणून त्याची मान बघून मी मान हलवू लागलो, तर तो माझीच मान बघत होता!

"झोपला का बे?" मी विचारलं.

तो माझ्या ओठांकडे बघत म्हणाला, "दोन सालं झाले, आयकू येत नाही बावा. या भोंग्याखाली जराक येते. बाकीच्यायले सांगू नोको."

माझे कान शाबूत आहेत. तुझ्या हाकेला ओ देत नाही, तो निव्वळ आळस. आपल्या बाळूचा ताप उतरला का? खरं ते लिही.

भैरवीला मी पुढच्यांच्या टोप्यांमधून तबलजीचे हात शोधले, आणि सम आली असं वाटेल तिथे जागेश्वरच्या मांडीवर ठोका देत गेलो. कितीदा चुकलो कोण जाणे. त्यानं प्रत्येक ठोक्याला मान हलवली.

तुझा,
केशव