आत्या, तुलाही टेस्टची भीती वाटायची?

प्रिय नलूआत्या,

तू गेल्यावर तुला एकदाही लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण दुपारी तुषार आणि मी ठाण्याहून माझा रिपोर्ट घेऊन आलो, आणि तेव्हापासून मी घाबरलेय. हे कुणाला सांगू? तूच डोळ्यांसमोर आलीस.

आठवतं, ठाकुर्लीच्या तुझ्या घरी आम्ही पोरं इंग्लिशच्या शिकवणीला यायचो? युनिट टेस्टची मला भारी धास्ती. एकदा तर तुझ्या मोरीत उलटीच झाली. तू चूळ भरायला पाणी दिलंस आणि म्हणालीस, "वैशू, टेस्ट म्हणजे मुळात काय, माहितीये? मातीचं भांडं!"

मग सांगतच सुटलीस. फार पूर्वी लॅटिनमध्ये मातीच्या भांड्याला असाच काहीतरी शब्द होता. तसल्या भांड्यात सोनं-चांदी तापवून हीण वेगळं काढायचे. पुढे भांड्याचं नाव त्या पारखण्यालाच पडलं, आणि तिथून ते शाळेत आलं. "भांड्याला कुणी घाबरतं का गं?"

"मग भाजीची टेस्ट?" मी विचारलं.

किती हसलीस! "अगं, ती वेगळी. आपण उच्चार सारखा करतो, घराणी निराळी!"

त्यानंतर मी शाळेत कधी टेस्टला घाबरले नाही. आणि तू?

छातीतली गाठ तू कित्येक महिने लपवलीस. विचारलं की "काही नाही गं" म्हणायचीस. काखेत सूज आली, हात वर जाईना, तेव्हा बाबांनी तुला जवळजवळ ओढतच कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "मॅडम, आधी का नाही आलात?" तू मान खाली घालून पुटपुटलीस, "टेस्ट करायला सांगाल म्हणून."

आत्या, तू? तेव्हा मला तुझा भयंकर राग आलेला. थोडा अजूनही आहे.

पण कळतंय आता. अंघोळ करताना माझ्याच हाताला गाठ लागली, तेव्हा पहिला विचार काय आला असेल? कुणाला सांगायचं नाही. वाटाण्याएवढी तर आहे, जिरेल. काही दिवस मी हात तिकडे नेलाच नाही. मग एका सकाळी डबा भरता भरता तुषारला बोलून गेले. त्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला. "आजच जाऊ," एवढंच म्हणाला.

गाठीच्या टेस्टसाठी सुई आत गेली तेव्हा डोळे मिटून तुझं ते मातीचं भांडं आठवून पाहिलं. खोटं कशाला बोलू? काही उपयोग झाला नाही. शब्दाचं मूळ कळलं म्हणून भीती जात नाही गं. शाळेत असताना ती गेली, कारण तू शेजारी बसली होतीस.

तुझ्या शेजारी कोण बसलं? आम्ही सगळे "नलू खंबीर आहे" म्हणत राहिलो. तुला कशाची भीती वाटते, हे एकानेही विचारलं नाही.

रिपोर्ट चांगला नाही, आत्या. कॅन्सरच आहे. लवकर सापडलाय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू, बऱ्या व्हाल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. काही लपवत तर नसतील ना?

मघाशी मीरा आत डोकावली. आता सातवीत आहे ती. "मम्मी, तू आणि पप्पा सारखे काय कुजबुजताय? मला टेन्शन येतंय."

"काही नाही गं," मी म्हटलं, आणि दचकलेच. अगदी तुझाच आवाज!

म्हणून तुला शब्द देते. हे लिहून झालं की उठेन, बाहेर तिच्याजवळ जाऊन बसेन आणि सगळं सांगेन. कॅन्सरला कॅन्सरच म्हणेन. ती घाबरेल. मी तर घाबरलेलीच आहे. दोघी मिळून घाबरू.

तुझीच,
वैशू