चिमा परत येते

११ जानेवारी २०२५, दौंड

वाट लावली! पार वाट लावली!

‘सात दारांचा डोह’ या पुस्तकावरचा नवा सिनेमा हडपसरला जाऊन पाहिला. तीन महिने वाट बघत होते. डोह झकास केलाय, बोलणारी घोरपड तर थेट माझ्या मनातलीच. पण शेवट? चिमा आईला शोधत सातव्या दाराशी पोचते, आई सापडते — आणि ही पोरगी तिथेच राहते! मेलेल्यांच्या गावात! दार आतून बंद, बाप काठावर एकटा. संपला सिनेमा. मी खुर्चीतच. शेजारच्या बाई म्हणाल्या, “उठा की, दिवे लागले.”

अहो, चिमा परत येते! आईच तिला उंबऱ्यावरून माघारी फिरवते. घरी बाप शेंगा भाजत बसलेला असतो. मी सहा वर्षांची असताना अब्बांनी रोज दोन-दोन पानं वाचून दाखवलीत मला. त्याच वर्षी अम्मी अचानक गेली होती. ते पुस्तक नसतं तर माझं काय झालं असतं, कोण जाणे.

१२ जानेवारी

जुना सिनेमाही मोबाइलवर शोधून पाहिला. रंग उडालेले, घोरपड म्हणजे कापडाचं बोचकं. आणि शेवट तोच! नव्याने जुन्याची चक्क कॉपी मारली. पुस्तक कोणी उघडतच नाही का?

१४ जानेवारी

वाचनालयातल्या सिंधूबाईंचा फोन. रविवारी पुस्तकावर आणि दोन्ही सिनेमांवर बोलायला ये म्हणाल्या. लगेच हो म्हटलं. दोघांचीही सालटी काढते!

अब्बांना सांगितलं. ते बटाटे सोलता सोलता थांबले. “कशाला त्या भानगडीत पडतीस? पिच्चर हाय, बघायचा आन् सोडून द्यायचा.”

“आपलं पुस्तक असतं तर बरं झालं असतं,” मी म्हटलं.

“वाळवीनं खाल्लं. कितींदा सांगू!”

एवढं चिडायला काय झालं?

१५ जानेवारी

भाषण तयार. कंपनीच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत ऋतिकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पान नंबर टाक की. नमुना तपासल्याबिगर रिपोर्टवर सही करत न्हाईस, आन् हितं सगळं तोंडी व्हय?”

खरंच की. उद्या वाचनालयातून प्रत आणते.

१६ जानेवारी

चिमा परत येत नाही.

१७ जानेवारी

काल पुढे लिहवलंच नाही. सिंधूबाईंना कपाटातली जुनी आवृत्तीही काढायला लावली. तेच. ‘तिने दार आतून लावलं.’ दोन्ही सिनेमे खरे — खोटी मी! एकवीस वर्षं ज्याच्या आधारावर काढली ते पुस्तकात नाहीच.

म्हणजे अब्बांनी मला बनवलं. राग येतोय, आणि रागाची लाजही वाटतेय. सकाळी चहा ठेवला आणि विचारलंच. “अब्बा, शेवट तुम्ही बदललात?”

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाले, “मला कुठं आलंय यवढं रचायला? बॉयलरवरचा माणूस मी. लिवलं हुतं तसं वाचलं.”

“पुस्तकात असं नाहीये, अब्बा!”

“आपल्या पुस्तकात हाय,” म्हणाले, आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

१८ जानेवारी

वाळवी-बिळवी काही नाही. शेवटची चार पानं फाडलेली, त्या जागी रेघांच्या वहीचे कागद डिंकाने चिकटवलेत. अक्षर अम्मीचं. मसाल्याच्या डब्यांवर तिच्या चिठ्ठ्या अजून आहेत, तेच अक्षर. खाली तारीख — ती जायच्या दोन महिने आधीची.

“डॉक्टरनं सांगितलं हुतं तिला,” अब्बा म्हणाले. “म्हणाली, माझ्यामागं पोरीला ह्येच वाचून दाखवा.”

अचानक नव्हती गेली. तिला माहीत होतं!

शेवटची ओळ: ‘आता मागे बघू नकोस, जा. अब्बांनी शेंगा भाजल्यात.’