पंपाच्या बंदुकीची किंमत

२ सप्टेंबर २००३, दौंड
पोस्टातून घरी येते तोच दत्ताचा फोन. आवाज कापत होता. माझा धाकटा भाऊ एरवी असा घाबरत नाही. काल संध्याकाळी आबांनी, आमच्या वडिलांनी, उसात काहीतरी हललं म्हणून बंदूक उडवली. बिबट्या वाटला. होती सुमन, दत्ताची बायको. डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेऊन घरी निघालेली. छर्रे भाऱ्यात घुसले. वीतभर खाली आले असते तर... नाही लिहवत.

डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणतात, आणि हातात बंदूक! सकाळी गाईपुढे वाढं टाकताना त्यातून छर्रे निघाले म्हणे.

४ सप्टेंबर, व. रासाई, माहेरी
रजा टाकून आले. सुमन चुलीपुढून उठेना. आबा ओसरीवर, बंदूक मांडीवर. म्हटलं, आबा, ही आता घरात नको. वाटलं होतं अंगावर येतील. उलट शांतपणे म्हणाले, "दितो की. पर किंमत करून. भंगाराच्या भावात न्हाई."
"किती यायला हवी?"
"बारा मेंढ्या."

चेष्टा नव्हती. दौंडच्या रेल्वेतला एक गोरा ड्रायव्हर तितरं मारायला नदीकाठी यायचा. आबा त्याला रान दाखवायचे. तो देश सोडून निघाला तेव्हा बारा मेंढ्या विकून आबांनी ही घेतली, लांडग्यांच्या भीतीने. पुढची मूठ मागं-पुढं ओढायची, म्हणून पंपाची. आजूबाजूच्या गावांत अशी दुसरी नव्हती. आबांचा हिशोब तिथंच थांबलाय.

९ सप्टेंबर, दौंड
शेजारचे फौजी मामा म्हणाले, "फारिनची हाय, ताई. लाखाच्या खाली बोलूच नका." ऑफिसातले एकजण म्हणाले, जुन्या बंदुकीला कुत्रं विचारत नाही. दोघांनीही बंदूक पाहिलेली नाही. आणि हे? "आजचा मेंढीचा भाव विचार आणि गुणाकार कर." यांना सगळ्यात गणित दिसतं.

कामात लक्ष नाही. आज पत्रांवर उद्याच्या तारखेचा शिक्का मारत बसले होते.

१५ सप्टेंबर, रात्री
जीप करून आबांना घेऊन पुण्याला, कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात. लायसन त्यांच्या नावावर, त्यांना नेणं भागच. त्यांनी बंदूक काउंटरवर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. "पोरगी दाखवाय आनल्यावानी वाटतंय. तूच बोल."

दुकानदार वयस्कर, सज्जन माणूस. मूठ ओढून पाहिली, नळी उजेडाकडे धरली. "आतून छान आहे. पण वरचं काळं पॉलिश कुठं गेलं? जुन्या बंदुकीला किंमत त्याची. नंबरसुद्धा पुसट झालाय. घासली कशानं?"

चिंच आणि राख! दर खंडेनवमीला पूजेच्या आधी आई तांब्या-घागरीबरोबर बंदूकही घासायची. लख्ख होईपर्यंत. आम्ही पोरं शाळेत मिरवायचो, आमची बंदूक चांदीची.

दुकानदाराने आकडा सांगितला. त्यात दोन मेंढ्यासुद्धा यायच्या नाहीत.

बाहेर आबा. "काय म्हनला?"
"बघून कळवतो म्हणाला."

बंदूक परत व. रासाईला. आई जाऊनही आता बरेच दिवस झाले. तिच्या हातानं किंमत गेली हे आबांना कोणत्या तोंडाने सांगू?

१६ सप्टेंबर
दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "वरचं पैसं आपुन घालू, ताई. बारा मेंढ्यांचं करून दिऊ. आबांला काय कळतंय?"
मोह झाला. मग डोळ्यांपुढे आलं, आबा त्या पैशांची मेंढरं बघत बाजारात हिंडतायत आणि दुकानदाराला दुवा देतायत. नको. तरी होकार द्यायला फोन उचलला, परत ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

२६ सप्टेंबर
घट बसले. आबा रोज बंदूक घेऊन बांधावर बसतात. काडतुसं दत्ताने लपवलीत, पण त्यांच्याकडची सगळी हीच का, ते त्यालाही माहीत नाही. सुमन उसाकडे फिरकत नाही. मला राग येतोय. आबांचा, दुकानदाराचा, आणि खरं लिहायचं तर आईचा. लोखंडाला चिंच कशाला गं लावायची?

४ ऑक्टोबर, खंडेनवमी, व. रासाई
सुमन मागच्या दारी विळे-कोयते घासत होती. हात बंदुकीकडे गेला तशी मी ओरडलेच, "तिला चिंच लावू नकोस!"
खाटेवरून आबा, "का गं?"
सांगून टाकलं. वरचा काळा रंग घासून गेला, त्याचीच किंमत होती. आईचं नाव घेतलं नाही.

आबा म्हणाले, "ठावं हाय. सायब सांगून गेला व्हता, नुसतं त्याल लाव. पर पैल्या दसऱ्याला तुजी आई घासून घिऊन आली, आन् लख्ख नळीत बघून कपाळाचं कुकू सारखं केलं. तवा काय बोलनार?"
"मग पुण्याला कशाला आलात?"
"किंमत येनार न्हाई ठावं व्हतं. म्हनलं, ऱ्हाईल घरात."

म्हणजे मला महिनाभर नाचवलं! हसू येत होतं, रडूही. तोंडातून निघून गेलं, "आणि सुमनची किंमत कोणी करायची, आबा?"

सुमनने खाली मान घालून बंदूक घासली. चिंच लावूनच.

५ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाली. सुमन सोनं द्यायला वाकली तेव्हा आबांनी तिचा हात धरला. नीट दिसत नाही, चाचपून धरला. "सूनबाई, किंमत तू सांग. म्हनशील त्या भावाला दिऊन टाकू."

ती त्यांच्यापुढे कधी बोलत नाही. पदर सावरून म्हणाली, "इचार करून सांगते, मामंजी. तवर माज्याकडं ऱ्हाऊ द्या." पाटावरची बंदूक उचलली, आत नेली, तिच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं.

जेवताना आबांनी विचारलं, "झाला का इचार?"
"न्हाई अजून." आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

उद्या सकाळच्या एसटीने निघते. किल्ली सुमनच्या कमरेला आहे.