तेल मीच ओतलं

नाझिफे, घरातल्या सगळ्यांना एदिर्नेहून सलाम.

मी ठणठणीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

सोन्याचा पट्टा गेला. दोन वर्षं जिंकलो, यंदा जिंकलो असतो तर कायमचा आपला झाला असता. आणि घालवला मीच! कुस्तीआधी एकमेकांना तेल लावायची आपली रीत. समोरचा झेकाई, कालचं पोरगं, म्हणतो, "उस्ताद, कमरेला राहिलं." मी मोठेपणाने त्याच्या चामडी विजारीच्या कमरेवर अख्खी किटली ओतली. शेवटी मी नेमकी तिथेच पकड घातली आणि हात सटकला. माझ्या पोटाने आभाळ पाहिलं, कुस्ती खलास! वर तो लबाड माझा हात कपाळाला लावायला वाकला. लोक म्हणतात, "काय संस्कार!"

अब्बा विचारतील, विजार आता भिंतीवर टांगणार का? सांग त्यांना, कुस्ती सोडायला मी म्हातारा झालेलो नाही.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हाताने लिहितोय. काळजी करू नकोस.

तुझा तापट,
रमीझ

ता. क. भिंतीला खुंटी ठोकून ठेव. जरा खाली ठोक, उजवा हात वर जात नाही.