खाडीची अष्टमी

सरावली (बोईसर),
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, १९८८

तीर्थरूप रामनाथमामांच्या चरणी भाचा बन्सी याचे डोके. तुमचा डावा गुडघा आणि मामींचा दमा ही दोघं यंदाच्या थंडीशी कसं जमवून घेत आहेत ते कळवावं. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त उजव्या पायाचा अंगठा अजून निळा आहे, त्याचं कारण पुढे येईल. तारखेच्या जागी तिथी पाहून तुम्ही चष्मा काढून पुसला असेल. पुसू नका, बरोबरच वाचलंत. जो बन्सी बी.एस्सी. झाल्यापासून तुमच्या पंचांगाला 'छापील अंधश्रद्धा' म्हणत होता, त्याच्याच हातची ही तिथी आहे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या जागेबद्दल तुम्ही चेअरमनकडे दोन खेटे घालून मुलाखत ठरवलीत, त्याचं उत्तर शेवटी लिहितो. आधी माझी फजिती ऐका, म्हणजे ते उत्तर नीट समजेल.

माझा हुद्दा तुम्हाला ठाऊकच आहे : साहाय्यक शास्त्रज्ञ, पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्ती. (पाटी रंगवणाऱ्याने 'नैसर्गिक साधन' इथपर्यंत मावेल तेवढं लिहिलं आणि संपत्ती सोडून दिली.) आत मासवणकडे गेलो की लोक मला हातपंप दुरुस्त करणारा समजतात आणि किनाऱ्याला 'पानीवाले सायेब' म्हणतात, त्यामुळे पाटीवाचून काही अडत नाही. तर सप्टेंबरात इथल्या एका कोळीवाड्यातल्या बायकांचा अर्ज आमच्या कार्यालयात आला. कारखान्यांकडून येणारा नाला खाडीला मिळतो, खाडीतली कोलंबी आणि बोय मासळी कमी झाली, जी मिळते तिला औषधाचा वास येतो, बोईसरच्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीला नाक लावून पुढे निघून जातं, असा मजकूर आणि खाली सव्वीस अंगठे. पहिला अंगठा काशीबाईचा. साहेबांनी अर्ज माझ्याकडे दिला : दर पंधरवड्याला एक असे चार नमुने घ्या, अहवाल द्या, म्हणजे अर्ज निकाली निघेल.

मी वेळापत्रक आखलं. सोमवारी जीप मिळते, म्हणून सोमवार. दहा वाजता कार्यालय उघडतं, म्हणून अकरा. सुरुवातीचा सोमवार नेमका सर्वपित्रीचा आला. तुम्ही पोस्टकार्ड टाकलं होतंत की अवसेला, त्यातून पितरांच्या दिवशी, नव्या कामाला हात घालू नकोस. ते कार्ड मी कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं, हशा पिकवला आणि मुद्दाम त्याच दिवशी निघालो. बाटल्या भरल्या, बुडबुडा राहू न देता बुचं लावली (पाण्यातला प्राणवायू मोजायचा तर बाटलीत हवेचा टिपूस राहून चालत नाही, हे माझं एकमेव कौशल्य), पाणी तपासलं. निर्मळ! चौदा दिवसांनी पुन्हा निर्मळ. तिसऱ्या खेपेलाही तेच. चौथीलाही तेच येणार हे धरून मी निघण्याआधीच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खाडीचे पाणी समाधानकारक आहे,' खाली सही ठोकली आणि अहवाल साहेबांकडे दिला. अजून कायम न झालेल्या माणसाची सही किती लफ्फेदार असते ते तुम्ही हेडमास्तर असताना पाहिलंच असेल.

चौथ्या खेपेला काशीबाई बांधावर जाळं सोडवत बसली होती. पन्नाशीची बाई, तोंडात तंबाखू, आणि बोलणं असं की समोरच्याने आपल्या चपलांकडे बघावं. मी बाटली उन्हात धरून तिला दाखवली, बघा बाई, किती स्वच्छ. ती हसली नाही. म्हणाली, "सायेब, तुमी दर खेपेला भरतीलाच येता आनि दर्याचं पानी भरून नेता. आमच्या खाडीचं पानी कवा नेनार?"

मामा, आपल्याकडे प्रवरेकाठी पाणी एका दिशेने जातं आणि गेलं की परत येत नाही. त्या हिशेबाने वाढलेल्या मला हे कळायला बेचाळीस दिवस लागले की इथलं पाणी दिवसातून दोनदा माघारी फिरतं. अवसेला आणि पुनवेला इथे दुपारच्या सुमाराला भरती असते. मी अवसेला अकराला सुरुवात केली आणि पुढे चौदा-चौदा दिवसांनी त्याच वेळी जात राहिलो, म्हणजे प्रत्येक वेळी जवळपास त्याच भरतीच्या पाण्यावर! समुद्र आत येऊन खाडी धुऊन द्यायचा, आणि मी धुतलेलं पाणी बाटलीत भरून निघायचो. तुम्ही पितरांसाठी नको म्हणालात, काशीबाई पाण्यासाठी म्हणाली, पण अवस चुकली होती हे दोघांचं खरं. तिने बोटांवर मोजून सांगितलं, "आठमीला दुपारी ये. भांग असतो, पानी जोर करत नाय. तवा घान जिथल्या तिथं बसते." भांग म्हणजे कमी भरतीचे दिवस, हे मी विचारून घेतलं.

कार्तिक वद्य अष्टमीला गुरुवार होता, जीप नव्हती. भाड्याची सायकल काढली, हँडलला बाटल्यांची पिशवी, कॅरिअरला कचेरीतून सही करून घेतलेले गमबूट. दुपारी साडेबाराला पोचलो तर खाडी ओळखेना. मध्ये एक ओहळ, तोही उकळून ठेवलेल्या चहाच्या रंगाचा, आणि दोन्ही बाजूंना काळा गाळ. काशीबाईची जाऊ चिमी पुढे चालली, अनवाणी, हलक्या पावलाने. मी तिच्यामागे शास्त्रज्ञासारखा ताठ निघालो आणि सातव्या पावलाला मांडीपर्यंत रुतलो. चिमी ओरडली, "आडवं व्हा सायेब, आडवं!" सरकारी माणूस आडवा कसा होणार? पण झालो. ती आणि मागून धावत आलेली काशीबाई, दोघींनी होडीची फळी सारली, मला फळीवर पोटावर घेतलं आणि ओढलं. उजवा बूट खाडीने ठेवून घेतला. अंगठा फळीवर आपटला तो तेव्हा. बाटली मात्र मी हातात उंच धरली होती, आणि त्याच अवस्थेत, पोटावर पडून, आयुष्यातला पहिला खरा नमुना भरला. बुडबुडा नव्हता.

प्राणवायू जवळजवळ शून्य आला, मामा. मी तीनदा मोजला. मला आकड्यांचं वाईट वाटलं नाही, सहीचं वाटलं. त्या सहीवर सव्वीस बायकांचा अर्ज बंद होणार होता, आणि बाजारात गिऱ्हाईक टोपलीला नाक लावतच राहणार होतं. गप्प बसलो तर मी कायम होणार होतो. बोललो तर 'शास्त्रज्ञास भरती-ओहोटी माहीत नाही' असा शेरा माझ्या सेवापुस्तकात. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी टिपणी लिहिली : 'पूर्वीचे चारही नमुने माझ्या अज्ञानामुळे भरतीचे आहेत, कृपया अहवाल परत मिळावा.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, पुढची अष्टमी कधी? (माणूस पालघरचा, पण गावातला, समुद्र त्याने बसायला जाण्यापुरता पाहिलेला.) परवाच्या अष्टमीला ते स्वतः आले, बांधावर उभे राहिले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. काशीबाईने त्यांना सावलीत बसायला मासळीची पाटी उपडी घालून दिली. अर्ज आता निकाली निघत नाही. वर्षभर दर अष्टमीला नमुने घ्यायचे आणि जानेवारीत कारखानेवाल्यांना समोर बसवायचं, असं साहेबांनी माझ्यासमोर लिहिलं. खाडीच्या तोंडाशी अजून निवट्या, म्हणजे चिखलातली चिमुकली मासळी, उड्या मारतात. त्या आत येतील असं मला खरंच वाटतं. चिमीलाही वाटतं, आणि तिला माझ्याहून जास्त कळतं.

मामींना नमस्कार. आईला अंगठ्याचं सांगू नये.

तुमचा,
बन्सी

ता. क. : खरं काम हे. कचेरीत भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर आहे, तेही एका कारखान्याने दिलेलं, त्यात तिथ्या नाहीत. मी बाजारातून एक आणलं, तर साहेब म्हणाले, दुकानातलं कॅलेंडर फायलीला जोडता येत नाही, जाणकाराच्या सहीचा तक्ता लागेल. काशीबाई अर्जदार, तिची सही चालत नाही. तेव्हा येत्या वर्षातल्या सगळ्या अष्टम्या, लागण्या-सुटण्याच्या वेळांसह, तुम्ही काढून पाठवाव्यात. खाली 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक' असा शिक्का मारावा. तो तुम्ही शाळेला परत केलेला नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दुसरा ता. क. : सोबतच्या पुडक्याला वास येईल. ते सुके बोंबील आहेत, काशीबाईने दिलेले, बाहेरच्या समुद्रातले, खाडीतले नव्हेत. तुमच्या गळ्यात माळ आहे हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग मामीला दे.

तिसरा ता. क. : साखर कारखान्याच्या जागेचं उत्तर राहिलं. मुलाखतीची एकतीस तारीख मी तुमच्याच पद्धतीने ताडून पाहिली. त्या दिवशी वद्य अष्टमी आहे.