अकरा कडव्यांत एक फेरी

४ ऑक्टोबर, पहाटे ५.४०

टॉक्.

या आवाजाने जाग आली. खोलीत काही पडलं नव्हतं. आवाज पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा होता. आमचे पी.टी.चे सर शर्यतीला शिट्टी वापरत नसत, दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटत. टॉक्. मैदानाच्या कडेच्या झाडांतले सगळे पक्षी एकदम उठायचे आणि त्यांच्या सावल्या आमच्यापुढे पळायच्या. चुन्याच्या पांढऱ्या रेघा, आणि लांबच्या कुठल्या तरी वर्गातून सगळ्यांनी मिळून म्हटलेली कविता. वर्गात मला ‘कवी’ म्हणत.

त्या शर्यतीत मी दुसरा आलो. पहिला आला कोपऱ्यावरचा दुकानदार. तेव्हा अर्थात तो दुकानदार नव्हता, माझ्या बाकावर बसायचा. तो फळ्यांच्या अगदी शेजारी उभा होता, मी सहाव्या रेघेत. आवाज त्याच्या कानाला आधी लागला. ही तक्रार नव्हे, विज्ञान आहे.

१५ नोव्हेंबरला गल्लीची ‘मैत्री दौड’ आहे. बागेला तीन फेऱ्या. मैत्रीशी मला काही कर्तव्य नाही. आजपासून प्रॅक्टिस.

सकाळी ९. प्रॅक्टिस उद्यापासून. डोक्यात आवाज घुमत असताना पळू नये.

५ ऑक्टोबर

नाव नोंदवायला गेलो तर यादी नेमकी त्याच्याच दुकानात टांगलेली. शिवणक्लासवाल्या बाई दौडीच्या प्रमुख, त्यांना दुसरी भिंत मिळाली नाही. बावीस वर्षांनी ती पायरी चढलो. एरवी सामान ही आणते.

पाच-सहा गिऱ्हाइकं होती. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, या साहेब, वजन करायला आलात की कमी करायला. सगळे हसले. पान खाऊन पावावर जॅम लावल्यासारखे दात दिसत होते एकेकाचे.

रोजनिशीसाठी पार्श्वभूमी: एकतीस वर्षं मी वजनमाप खात्यात निरीक्षक होतो. खोटं माप माझ्या हातून सुटलं नाही. बावीस वर्षांपूर्वी याचं अर्ध्या किलोचं वजन माझ्या खात्रीच्या वजनासमोर ठेवलं, तर आठ ग्रॅम कमी भरलं. तागडीला पंधरा दिवस सील. गल्ल्यावर तेव्हा त्याचे वडील बसत. सील लागल्यावर ते घरात गेले ते पुन्हा गल्ल्यावर बसले नाहीत. पुढे वर्षभरात वारले. त्यांची तब्येत तशीही बरी नसावी.

याचं म्हणणं तेव्हापासून एकच, की माप आमचं खरं होतं, साहेबांचं खोटं. ते मूळ वजन म्हणे त्याने फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे. ठेवू दे.

मी सर्वांदेखत सांगितलं, दौडीत माझ्यापुढे गेलास तर माझं वजन घेऊन या दुकानात येतो, तुझ्या तागडीत ठेवतो, काय ते सगळे बघतील. तो म्हणाला, आणि मागे राहिलो तर दुकानावर पाटी लावतो, आमच्या वडिलांचं माप खोटं होतं. हे म्हणताना तो हसत नव्हता. मी हसत होतो.

मी जिंकणारच आहे. दिवसभर तो पोती खांद्यावर टाकून लोकांचे जिने चढत असतो. व्यायामाला वेळ कुठून मिळणार त्याला.

६ ऑक्टोबर

प्रॅक्टिस सुरू. वय एकसष्ट. वडील त्र्याण्णव वर्षांचे होऊन गेले, त्या हिशेबाने मी मध्यमवयीन.

मुलीने घड्याळ पाठवलं आहे. त्यात अंतर, मिनिटं, छातीचे ठोके सगळं दिसतं. डब्यात परत ठेवलं. जन्मभर मापं तपासलेल्या माणसाला मनगटावर निरीक्षक नको. माझं स्वतःचं माप आहे. आमच्या मराठीच्या गुरुजींनी नदीवर एक कविता रचली होती, चोवीस कडव्यांची. अजून पाठ आहे.

वाहत जा तू, थांबु नको रे,
काठ कुणाचे झाले का?

पळताना ती म्हणायची आणि फेरीला किती कडवी लागली ते मोजायचं. जितकी कडवी कमी, तितका वेग जास्त. पहिली फेरी: अठरा कडवी. वाईट नाही.

९ ऑक्टोबर

गुडघा. विश्रांती. विश्रांती हादेखील ट्रेनिंगचाच भाग असतो.

हिने विचारलं, गुडघा दुखतोय तर खिडकीत उभं राहून दुकानाकडे काय बघताय. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास. आज तीनदा चौथ्या मजल्यापर्यंत गेला, तांदूळ घेऊन. दमून जाईल बिचारा.

१४ ऑक्टोबर

चौदा कडवी. चार कडव्यांची सुधारणा.

बागेत दोन तरुण मुली मला मागे टाकून गेल्या, जाताना म्हणाल्या, काका, छान चाललाय तुमचा वॉक. मी पळत होतो. आजकाल निरीक्षणशक्ती उरलेली नाही.

शिवणक्लासवाल्या बाई फाटकाशी टीशर्टची मापं घेत होत्या. पोटाशी टेप अडली तशा म्हणाल्या, भाऊ, श्वास सोडा. मी म्हटलं, सोडलेलाच आहे. त्यांनी ‘एक्स्ट्रा लार्ज’ लिहिलं. टेप ढिली होती त्यांची. जुनी टेप ताणली जाते, आकडा कमी-जास्त होतो, हे त्यांना सांगितलं. म्हणाल्या, ताणली तर आकडा कमी यायला हवा ना भाऊ. उद्धट बाई.

१९ ऑक्टोबर

हिने आज टेबल पुसलं. निरोप समारंभात खात्याने मला माझ्याच तपासणीच्या पेटीतलं पितळी वजन आठवण म्हणून दिलं होतं. दुकानदाराला पकडलं ते हेच. या वहीवर ठेवतो, नाहीतर पंख्याने पानं उडतात. हिने ते उलटं केलं आणि विचारलं, याच्या बुडाला ही लाख कसली हो चिकटलीय, चांगला गोळा आहे.

खाली पोकळी असते, तिथे सीलची लाल लाख भरून बसली आहे. पाहिलं नव्हतं कधी. निवृत्तीनंतर लागली असणार.

तेरा कडवी.

२० ऑक्टोबर

निवृत्तीनंतर या घरात लाख कधी आली होती ते आठवत नाही. ऑफिसात मात्र मेणबत्ती आणि लाखेची कांडी कायम टेबलावर. विषय संपला. वजन सरळ ठेवलं आहे.

२६ ऑक्टोबर, सकाळी

अकरा कडव्यांत एक फेरी. अकरा.

धुक्यात बाग शाळेच्या मैदानासारखी दिसत होती. तिसऱ्या कडव्याला वाटलं, गुरुजी खिडकीत उभे आहेत आणि छडीने ठेका धरत आहेत. असा सूर लागला की पाय जमिनीला लागत नाहीत. (एकदा लागला, मुळीत अडकून. कोपर सोललं.)

आनंदाने मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, अकरा कडवी म्हणजे किती मिनिटं. मी म्हटलं, अकरा कडवी म्हणजे अकरा कडवी. मग म्हणाली, घड्याळ घाला ना बाबा, एकदाच. आईवर गेली आहे.

२ नोव्हेंबर

आज ही भाजीची पिशवी घेऊन बागेतून येत होती. माझ्याबरोबर चालू लागली. म्हणजे ती चालत होती. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाली, अहो, तुम्ही प्रत्येक ओळीनंतर धापा टाकताय, एकेका शब्दाला थांबताय. कडवी कमी होतात ती तुम्ही हळू म्हणता म्हणून. पाय होते तिथेच आहेत. उलट महिन्यापूर्वी बरे होते.

आणि पिशवी घेऊन पुढे निघून गेली. घरी पोहोचलो तेव्हा भाजी चिरून झाली होती.

हिला कविता कधीच समजली नाही. कवितेत यतीला जागा सोडावीच लागते.

नऊ कडवी.

३ नोव्हेंबर

दिवसभर बोललो नाही हिच्याशी. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

संध्याकाळी घड्याळ डब्यातून काढून पाहिलं. फक्त पट्टा बघायला. पट्टा बरा आहे. परत ठेवलं.

८ नोव्हेंबर

डाएट सुरू: उकडलेली अंडी, केळी, ओट्स. बिस्किटं बंद.

दुपारी ४. बिस्किटं त्याच्या दुकानातली आहेत. शत्रूची रसद फस्त करणं हे डावपेचात बसतं. सहा.

हिच्याकडून कळलं, दुकानात तो कुणाला तरी सांगत होता की पाटी रंगवायला टाकलेली नाही. घमेंड बघा. पण पुढे म्हणे असंही म्हणाला, की हरलो तर स्वतःच्या हाताने लिहीन, वडिलांच्या नावाची पाटी पेंटरला कशाला सांगायची.

मी म्हटलं, नाटकी आहे. ही टेबलाशी जाऊन वजनाकडे बघत उभी राहिली. मग चहाला गेली.

१२ नोव्हेंबर

सुरीने लाख खरवडून पाहावी असा विचार मनात आला. बुड साफ असलेलं बरं, वस्तू आठवणीची आहे. सुरी घेतली. मग वाटलं, आत्ता साफ केली तर कुणी म्हणेल पुरावा नष्ट केला. कशाचा पुरावा, हे त्या कुणीतरी सांगावं.

सुरी जागेवर ठेवली. प्रॅक्टिस नाही. शेवटच्या आठवड्यात शरीर वाचवतात.

१४ नोव्हेंबर

उद्या.

स्थिती उत्तम. फक्त आवाजाचा प्रश्न. यंदा मी आवाजाशेजारी उभा राहणार, मग बघू विज्ञान कुणाच्या बाजूने आहे. शिवणक्लासवाल्या बाईंना फोन करून विचारलं, इशारा कशाने करणार. म्हणाल्या, स्पीकरवर शिट्टी वाजेल, आणि भाऊ, ही स्पर्धा नाहीये, भेटण्यासाठी पळायचंय. ज्याला भेटायचं त्याने बसून चहा प्यावा. हे मी फोन ठेवल्यावर म्हटलं.

१५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

निघतो. कविता एकदा म्हणून पाहिली. सतरावं कडवं आठवलं नाही. तिथपर्यंत वेळच येणार नाही.

१५ नोव्हेंबर, दुपारी

स्पीकरशेजारच्या जागेवर तो आधीच उभा होता. मला पाहून बाजूला सरकला आणि म्हणाला, तू इथे उभा राहा, इथे आवाज आधी येतो. म्हणजे पंचेचाळीस वर्षं त्याला ठाऊक होतं. जागा घेतली. आभार मानले नाहीत.

शिट्टी डाव्या कानात अशी फुटली की कविताच उडाली. पहिला शब्द आठवेपर्यंत सगळे वळणावर गेले होते. मग आठवला. मग लय सापडली. पहिल्या फेरीला सहा कडवी, दुसरीला पाच, तिसरीला चार. असा वेग आयुष्यात कधी गाठला नव्हता.

पोहोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. रिबन गुंडाळलेली होती, ती बाईंनी माझ्यासाठी पुन्हा सोडून धरली, हे फार वाईट केलं. तो उभा होता, हातात पाण्याचा ग्लास. बाईंनी सांगितलं, हे कधीच आले, मग जाऊन दुकान उघडलं, दोन गिऱ्हाइकं केली आणि तुम्ही आलात का बघायला परत आले. पाणी मी घेतलं. घसा कोरडा होता, त्याचा पाण्याशी संबंध, माणसाशी नाही.

वजनाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. पायात गोळा आला आहे. जिना उतरणं शक्य नाही.

१६ नोव्हेंबर

जिना उतरणं शक्य नाही. ही म्हणाली, काल चढलात की.

१७ नोव्हेंबर

पाय बरा आहे, पण मनाने अजून हिरवा कंदील दिलेला नाही. ही दुकानात जाऊन आली. विचारलं, काही म्हणाला का. म्हणाली, साखर संपलीय म्हणाला, उद्या येईल. तेवढंच? तेवढंच. दुकानात लोक थांबलेत का काही बघायला? हो, म्हणाली, रोज संध्याकाळी चार-पाच जण पायरीवर असतात, तुम्ही येणार म्हणून.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

घड्याळ घातलं. बसल्या बसल्या कविता म्हटली, शाळेत म्हणायचो तशी. एका कडव्याला अठरा सेकंद. मग खोलीतल्या खोलीत जरा धावून म्हटली. एका कडव्याला एक मिनिट चार सेकंद.

घड्याळात दोष असण्याची शक्यता

टक् टक्.

दार हिने उघडलं. इथून दिसतंय. तो आहे. बावीस वर्षांत हा जिना तेवढा चढला नव्हता. खांद्यावर तागडी, साखळ्या हाताने धरलेल्या, वाजू नयेत म्हणून. दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. दुकानाचं शटर ओढून आला असावा, या वेळेला कधी ओढत नाही.

हिला विचारतोय, वहिनी, कवी आहे का घरात. म्हणतोय, तिथे लोक जमतात, इथेच बघू दोघं.

ही आत आली. माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाशी आली, वहीवरचं वजन उचललं आणि बाहेर गेली.

पानं उडताहेत. एका हाताने धरून लिहितो आहे, ओळ सरळ येत